अंगाला सवय होत नाही

'या गोळीचा आता असर होत नाही, अंगाला तिची सवय झाली आहे.' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले असेल. घरात दादी म्हणते, शेजारची खाला म्हणते, औषधाच्या दुकानात उभे असलेले गिऱ्हाईक म्हणते. दुकानदार मान डोलावतो आणि जरा 'भारी' गोळी काढून देतो. आम्ही गेली वीस वर्षे उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. सूक्ष्मजीवांचा धडा आला की आम्ही मुलांना विचारतो, एखादे औषध लागू पडेनासे का होते? वर्गातल्या बहुतेक हातांचे उत्तर हेच असते, की अंगाला सवय होते.

हे उत्तर चुकीचे आहे. आणि ही चूक परीक्षेतल्या एका मार्काची नाही, तिच्यापायी घरेच्या घरे आजारी पडतात. म्हणून वर्गाबाहेरही ती दुरुस्त व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

या चुकीत भाषेचाही थोडा हात आहे. उर्दूत आम्ही शरीराच्या संरक्षणशक्तीला 'कुव्वत-ए-मुदाफअत' म्हणतो आणि जंतू औषधाला दाद देत नाहीत त्याला 'मुजाहमत' म्हणतो. दोन गोष्टींना दोन शब्द. मराठीत मात्र 'रोगप्रतिकारशक्ती'मध्येही प्रतिकार आणि 'औषधाला प्रतिकार' यातही प्रतिकार. पहिला प्रतिकार चांगला, तो आपला. दुसरा प्रतिकार जंतूंचा, आणि तो आपल्याविरुद्ध. शब्द एकच असल्याने माणसाला वाटते की जे काही झाले ते आपल्याच शरीरात झाले. प्रत्यक्षात पेशंटचे शरीर आहे तसेच राहते. बदलतो तो त्याच्या छातीत बसलेला जंतू. आणि जंतू एका छातीत बसून राहत नाही. तो खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या छातीत जातो. जाताना आपला प्रतिकार बरोबर घेऊन जातो.

सवय अंगाला झाली असती तर ती त्या माणसाबरोबरच संपली असती. जंतूंचा प्रतिकार तसा संपत नाही. म्हणून ज्याने आयुष्यात एकही गोळी अर्धवट सोडलेली नाही, त्यालाही औषधाला न जुमानणारा आजार होऊ शकतो. आम्ही हे पुस्तकात वाचले होते. पण खऱ्या अर्थाने कळले ते आमच्या शाळेतल्या एका मुलीमुळे. तिच्या अम्मीची परवानगी घेऊन तिची हकीकत इथे सांगत आहोत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगी नववीत होती. अभ्यासात चांगली, अक्षर तर असे की फळ्यावर सुविचार लिहायचे काम तिचेच. अब्बू यंत्रमागावर कामाला. आमचे शहर यंत्रमागाचे आहे. कारखान्यात कापसाची किस उडते, खिडक्या बंद असतात, एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, रात्रपाळीची मंडळी उठली की त्याच अंथरुणावर दिवसपाळीची झोपतात. अशा ठिकाणी क्षयरोग, म्हणजे टीबी, पाय रोवून बसतो. अब्बूंना टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, वजन चार किलो वाढले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी गोळ्या सोडल्या. कारण समजण्यासारखे होते. गोळ्यांनी मळमळ व्हायची, रात्रपाळीत चक्कर यायची आणि हजेरी बुडाली की मजुरी बुडायची. त्यात लघवी लाल-केशरी होत असे. तो त्यातल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा रंग असतो आणि त्याने काही नुकसान होत नाही, हे त्यांना कुणी समजावले नव्हते. त्यांना वाटले, गोळ्या रक्त जाळत आहेत.

चार महिन्यांनी खोकला परत आला. मग त्यांनी जुन्या चिठ्ठीवर दुकानातून पंधरा दिवसांच्या गोळ्या आणल्या. बरे वाटले, सोडल्या. पुन्हा खोकला, पुन्हा आठवडाभराच्या गोळ्या. असे वर्षभर चालले. त्या वर्षभरात ते ज्या खोलीत खोकत होते, त्याच खोलीत मुलगी अभ्यास करत होती.

पुढे मुलगी वाळू लागली. संध्याकाळी ताप येई. थुंकीची तपासणी झाली. आता दवाखान्यांत सीबीनॅट नावाचे यंत्र असते. ते सुमारे दोन तासांत दोन गोष्टी सांगते: टीबी आहे की नाही, आणि जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात की नाही. मुलीचा टीबी निघाला, आणि तो रिफाम्पिसिनला न जुमानणारा निघाला. पुढच्या तपासणीत आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधालाही प्रतिकार दिसला. ही दोन्ही औषधे ज्या टीबीवर चालत नाहीत त्याला एमडीआर टीबी म्हणतात. तिच्या अब्बूंची तपासणी केली तेव्हा त्यांचाही अहवाल तसाच आला.

मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, की पोरीने गोळ्या चुकवल्या असतील. तिने गोळी चुकवण्याचा प्रश्नच नव्हता. तिला टीबीची एकही गोळी तोपर्यंत कुणी दिलीच नव्हती. तिला जो जंतू मिळाला तो तिच्याकडे येण्याआधीच औषधे पचवायला शिकून आला होता.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. 2014 ते 2016 या काळात आपल्या देशात टीबीच्या औषधांच्या प्रतिकाराची राष्ट्रीय पाहणी झाली. पूर्वी उपचार घेतलेल्या शंभर पेशंटांपैकी अकरा-बारा जणांना एमडीआर टीबी आढळला. पण ज्यांनी आधी कधीही टीबीचे औषध घेतलेले नव्हते, अशा शंभर नव्या पेशंटांतही जवळपास तिघांना तोच आढळला. हे तिघे कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या उपचारांचा वारसा घेऊन आले होते.

आता जंतू हे 'शिकतो' कसा, ते पाहू. शिकतो हा शब्द आम्ही सोयीसाठी वापरला. जंतूला मेंदू नाही. तो नुसता वाढतो, एकाचे दोन, दोनाचे चार. प्रत्येक वेळी आपली प्रत काढताना त्याच्याकडून क्वचित एखादे अक्षर चुकते, जसे मुलांचे वहीत उतरवून घेताना चुकते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण टीबीच्या सुमारे दहा लाख जंतूंत एखादा असा निघतो की त्या चुकीमुळेच आयसोनियाझिड त्याला मारू शकत नाही. रिफाम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण आणखी कमी, साधारण दहा कोटींत एक. हे जंतू औषध सुरू होण्याच्या आधीपासूनच तिथे असतात. औषध त्यांना तयार करत नाही, औषध त्यांना निवडते. आजूबाजूचे साधे जंतू मरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत हा एकटा वाढत जातो.

फुफ्फुसात टीबीची पोकळी झाली असेल तर तिच्यात एक कोटी ते शंभर कोटी जंतू असू शकतात. म्हणजे एकच औषध दिले तर वाचणारे जंतू हमखास सापडणार. पण दोन्ही औषधे एकदम दिली तर? दोन्हींना पुरून उरणारा जंतू सापडायला एकावर चौदा शून्ये इतके जंतू लागतील. तेवढे कुणाच्याच छातीत नसतात. दहावीच्या मुलांना आम्ही हा गुणाकार फळ्यावर करून दाखवतो. घातांकाचा नियम त्यांना आधीच येत असतो, पण त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो हे त्या दिवशी कळते आणि वर्ग शांत होतो.

म्हणूनच टीबीला एकाच वेळी चार औषधे देतात, आणि आता ती बहुधा एकाच गोळीत एकत्र असतात. पूर्वी सुट्या गोळ्या असत, तेव्हा पेशंट मळमळ होणारी गोळी बाजूला ठेवून उरलेल्या घेई. त्याला वाटे, चारातल्या तीन तरी घेतो आहोत. पण ज्या औषधाने दुसऱ्याची पाठ राखायची तेच बाजूला पडल्यावर जंतूंना वाट मोकळी होते.

सहा महिने का, हाही प्रश्न मुले हमखास विचारतात. आतड्यातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. तो सुस्त आहे, आणि त्यातले काही तर जवळजवळ झोपलेले असतात. बहुतेक औषधे वाढणाऱ्या जंतूला गाठतात, झोपलेल्याला गाठायला वेळ लागतो. पहिल्या दोन महिन्यांत बहुसंख्य जंतू मरतात, म्हणून खोकला थांबतो आणि वजन वाढते. उरलेले चार महिने त्या झोपलेल्यांसाठी असतात. पेशंटला बरे वाटण्याचा दिवस आणि आजार खरोखर संपण्याचा दिवस यांत एवढे अंतर आहे. आमच्या शहरातले बहुतेक उपचार याच अंतरात बुडतात.

हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. टीबीवरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते 1943 साली अमेरिकेत सापडले. इंग्लंडमध्ये त्याची शिस्तबद्ध चाचणी झाली आणि निष्कर्ष 1948 साली प्रसिद्ध झाले. एकूण 107 पेशंट होते. 55 जणांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी विश्रांतीवाल्यांपैकी 14 जण दगावले होते, औषधवाल्यांपैकी चारच. केवढा आनंद झाला असेल! पण तो टिकला नाही. औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या जंतूंत काही आठवड्यांतच प्रतिकार दिसू लागला. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा औषध घेतलेल्या 55 पैकी 32 जण गेले होते आणि न घेतलेल्या 52 पैकी 35. इतके मोठे औषध, आणि पाच वर्षांत त्याचा फायदा जवळजवळ पुसला गेला. औषध वाईट नव्हते, ते एकटे होते. पुढे त्याच्या जोडीला दुसरे औषध दिले तेव्हा पेशंट बरे होऊन घरी जाऊ लागले.

या इतिहासात आपल्या देशाचाही एक मोठा वाटा आहे, आणि तो प्रत्येक घराला माहीत असावा असे आम्हाला वाटते. पूर्वी टीबीच्या पेशंटला घरापासून दूर, सॅनेटोरियममध्ये ठेवण्याची पद्धत होती. 1956 साली मद्रासमध्ये एक संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे 193 गरीब पेशंटांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, तिथे चांगले जेवण आणि पूर्ण विश्रांती. दुसऱ्या गटाला त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधे दिली. वर्षभराने दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरी राहिलेल्या पेशंटांच्या घरच्यांना लागण जास्त झाली असेही दिसले नाही. योग्य औषध नियमित सुरू झाले की पेशंटपासून पसरणारा धोका झपाट्याने उतरतो.

तेव्हा ज्या घरात सुनेला टीबी निघताच तिला माहेरी पाठवतात, तिचे ताट-वाटी वेगळे करतात, त्यांना आम्ही नम्रपणे हे सांगू इच्छितो. टीबी ताट-वाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. घराला धोका उपचार घेणाऱ्या सुनेकडून नाही. उपचार लपवणाऱ्याकडून आणि अर्धवट सोडणाऱ्याकडून आहे. आणि आजार लपवावा लागतो म्हणूनच औषधही लपून घ्यावे लागते. लपून घेतलेले औषध चुकते. आमच्या विद्यार्थिनीच्या अम्मीने अहवाल हातात आल्यावर आम्हाला पहिले वाक्य हेच सांगितले, 'टीचर, कुणाला सांगू नका, मुलीची जात आहे, उद्या रिश्ता कोण देईल?' मुलीच्या जिवाआधी तिच्या तोंडी रिश्ता आला. आम्ही त्या आईला दोष देत नाही. ज्या मोहल्ल्यात तिला राहायचे होते तो मोहल्ला ती आमच्यापेक्षा चांगला ओळखत होती.

सगळा दोष पेशंटच्या माथी मारणेही बरोबर नाही. मुंबईत 106 खासगी डॉक्टरांना टीबीसाठी कोणती औषधे लिहून द्याल असे विचारले गेले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 106 जणांनी 63 वेगवेगळ्या तऱ्हांची औषधयोजना लिहिली, आणि त्यातले फक्त सहा जण बरोबर निघाले. पुढच्याच काळात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार पेशंटांची नोंद जगापुढे ठेवली, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. 2012 च्या जानेवारीत ही बातमी सगळीकडे पसरली. त्यांतल्या बहुतेकांना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी, तुटक औषधे मिळत गेली होती. पेशंटने गोळी सोडली काय किंवा डॉक्टरने चुकीची लिहिली काय, जंतूला दोन्ही सारखेच. त्याला फक्त फट हवी असते.

अशी एक फट आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळातही असते. जुन्या बिस्किटांच्या डब्यात उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात जुलाबासाठी आणलेली ऑफ्लॉक्सासिनची पट्टी असते, कधी खोकल्यासाठी दिलेली लिव्होफ्लॉक्सासिनची. ताप-खोकला आला की त्यातल्या दोन-चार घेतल्या जातात. साधी सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूवर प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक चालतच नाही. पण खोकला टीबीचा असेल तर? लिव्होफ्लॉक्सासिन हे एमडीआर टीबीवरच्या मोजक्या हुकमी औषधांपैकी एक आहे. चार गोळ्यांनी टीबी थोडा दबतो, बरे वाटते, तपासणी लांबते, आणि ज्या औषधाची पुढे गरज पडणार त्याचीच ओळख जंतूंना आधी होऊन बसते. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढी खूण घरातल्या लहान मुलालाही शिकवता येते. टीबीची औषधे आणि अनेक प्रतिजैविके विकताना दुकानदाराने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद ठेवावी, असा नियम 2014 पासून लागू आहे. नियम आहे, पण मागणारे आपण आहोत.

मुलीच्या उपचारांकडे परत येऊ. तिच्या सुदैवाने ती आजच्या काळात आजारी पडली. काही वर्षांपूर्वी एमडीआर टीबीच्या पेशंटला महिनोन्महिने रोज इंजेक्शन घ्यावे लागे. त्यातल्या कॅनामायसिनमुळे अनेकांची ऐकण्याची शक्ती गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती टीबीच्या उपचारांत अशीच गेली. पुढे त्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, ज्यांनी हेच सोसले होते, अशा दोघी मिळून बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत भारतात वाढू नये म्हणून उभ्या राहिल्या. 2023 च्या मार्चमध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि भारतात हे औषध स्वस्तात बनवण्याची वाट मोकळी झाली. स्वतःचे कान गेल्यावर दुसऱ्यांच्या कानांसाठी लढणाऱ्या या दोघींची गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो.

बेडाक्विलिनला अमेरिकेत 2012 च्या अखेरीस मान्यता मिळाली. टीबीसाठी नव्या धर्तीचे औषध त्याआधी सुमारे चाळीस वर्षांत आले नव्हते. नवे प्रतिजैविक किती सावकाश येते आणि जंतूंचा प्रतिकार किती लवकर, हे यावरून ध्यानात यावे. आमच्या विद्यार्थिनीला हे औषध सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाले. तिचा उपचार अठरा महिने चालला. रोज मूठभर गोळ्या, दर महिन्याला तपासण्या, हृदयाचा आलेख. दहावीचे एक वर्ष गेले. सुरुवातीला उलट्या इतक्या होत की अम्मी रडत असे. अब्बूंचा उपचार तिच्याबरोबरच सुरू झाला. दोघे समोरासमोर बसून गोळ्या घेत. अब्बू आपली मूठ आधी तोंडात टाकत, मग मुलगी. त्या माणसाने अठरा महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. एकदा ते आम्हाला म्हणाले, 'पहिल्या वेळी वाटलं होतं, गोळी माझी, अंग माझं, सोडली तर माझंच नुकसान.' पुढे ते काही बोलले नाहीत.

मुलगी बरी झाली, दहावी झाली, आता कॉलेजात आहे. अशा पेशंटांसाठी आता बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्सही आला आहे. 2024 साली केंद्र सरकारने त्याला मान्यता दिली. ही चांगली बातमी आहे. पण तो कोर्सही अर्धवट सोडला गेला, तर त्यातली औषधेही एक-एक करून निकामी होतील.

रमजानबद्दल एक शब्द. दर वर्षी या महिन्यात काही पेशंट गोळ्या बंद करतात आणि ईदनंतर सुरू करू म्हणतात. आजारी माणसाला रोजातून सवलत आणि बरे झाल्यावर ते रोजे पूर्ण करण्याची मुभा खुद्द कुरआननेच दिली आहे, हे आपण सगळे जाणतो. टीबीच्या नेहमीच्या गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. प्रकृती सुधारलेल्या पेशंटने रोजा ठेवावा का, आणि ठेवला तर गोळीची वेळ कोणती, हे डॉक्टरांना रमजानच्या आधीच विचारावे. वेळ बदलता येईल, महिनाभर सुट्टी घेता येणार नाही. जंतू ईदची वाट पाहत नाही.

आम्ही आता शाळेत आणि आसपास काही गोष्टी नेमाने करतो. त्या कोणत्याही घराला करता येण्यासारख्या आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, यांतले काही दिसले की खोकल्याची बाटली बदलत न बसता थुंकी तपासायला सांगतो. घरात एकाला टीबी निघाला की बाकी सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्यायला लावतो. उपचार सुरू झालेल्या घरात एक कॅलेंडर भिंतीवर टांगतो. गोळी घेतली की त्या तारखेवर खूण करायची, आणि खूण करायचे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे द्यायचे. मुले या कामात कोणालाही सूट देत नाहीत. मळमळ, कावीळ, नजर अंधुक होणे असे काही झाले तर मनाने गोळी बंद न करता त्याच दिवशी दवाखान्यात जायला सांगतो, कारण त्यावर उपाय आहेत आणि ते डॉक्टरांनीच करायचे आहेत. पोषणासाठी सरकारकडून 2018 पासून महिन्याला पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून ते हजार झाले आहेत. बँकेचे खाते जोडलेले नाही म्हणून ते अनेकांपर्यंत पोहोचत नाहीत. तो अर्ज भरून द्यायला आपल्या घरातले शिकलेले मूल पुरेसे आहे.

आणि ज्याची मजुरी गोळ्यांपायी बुडते आहे त्याला नुसता उपदेश करू नये. पहिले दोन महिने शेजाऱ्यांनी मिळून त्याच्या घरी किराणा पोहोचवला, कारखानदाराने त्याची जागा राखून ठेवली, तर त्या माणसाची गोळी सुटत नाही. मोहल्ल्याच्या दृष्टीने त्यापेक्षा स्वस्त उपचार दुसरा नाही. त्याचा एक कोर्स पूर्ण होणे म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या चार मुलांची छाती वाचणे.

पाण्याच्या टाकीत कुणी हात बुडवला तर आपण लगेच ओरडतो, कारण टाकी सगळ्यांची असते. औषधाचा असरही तसाच सगळ्यांचा आहे. तो बाजारात विकत मिळत नाही, पट्टीवर त्याची किंमत छापलेली नसते, आणि तो एकदा गेला की आपल्या पैशांनी परत येत नाही. ज्या पिढीने आपल्याला तो शाबूत दिला तिची ती अमानत आहे. आज आपल्या घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर एवढेच पाहावे, की आजची घेतली का, आणि कितवा दिवस झाला.